नवी मोटरसायकल, पहिली सर्व्हिसिंग, आपल्या हाताने

तेलमाप
नव्या मोटरसायकलची पहिली सर्व्हिसिंग बहुतेक मॅन्युअलमध्ये ५०० ते १००० किमीच्या दरम्यान सांगितलेली असते, सोबत महिन्यांची किंवा दिवसांची अट असते, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. ही सर्व्हिसिंग घरी नीट करता येते. अवघड काहीच नाही, पण मोजमाप लागतं आणि क्रम पाळावा लागतो.

आधी वॉरंटीच्या अटी वाचा. सुरुवातीच्या सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच झाल्या पाहिजेत असं त्यात असेल, तर निर्णय तुमचा. घरी करणार असाल तर तारीख, किलोमीटर, वापरलेल्या तेलाचा प्रकार आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहून ठेवा, बिलं जपा.

ही सर्व्हिसिंग पुढच्यांपेक्षा वेगळी का? नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून बसत असतात, गिअरचे दात एकमेकांवर गुळगुळीत होत असतात, क्लच प्लेटांचा सुरुवातीचा थर झिजत असतो. हा सगळा कीस तेलात येतो. जोडणीच्या वेळी बाहेर आलेल्या सीलंटचे तुकडेही कधी कधी येतात. म्हणून पहिलं तेल आणि पहिला फिल्टर इतक्या लवकर बदलायचा. इंजिनाच्या बाहेरही असंच चाललेलं असतं. गॅस्केट दबतात, केबलची आवरणं आपापल्या जागी बसतात, चेनच्या पिना-बुश बसतात, स्पोकची निपलं रिममध्ये रुततात. म्हणजे बदलायच्या मुख्य वस्तू तीन (तेल, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर), आणि बाकी बहुतेक तपासणी. पाना हातात आला की दिसेल तो नट आवळत सुटणं ही या सर्व्हिसिंगमधली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

आता क्रम. बरेच जण थेट तेलापासून सुरुवात करतात. तेल काढण्यासाठी इंजिन कोमट करावं लागतं, आणि एकदा गरम झालं की टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधली फट) त्या दिवशी मोजता येत नाही. टायरची हवा आणि कूलंटची पातळीसुद्धा थंड गाडीवरच बघायची. म्हणून गाडी रात्रभर उभी असताना सकाळी आधी थंडीची कामं: हवा, कूलंट, टॅपेट (मॅन्युअल सांगत असेल तर), केबल, नट-बोल्ट. मग इंजिन सुरू करून तेल. चेन सगळ्यात शेवटी, कारण तिथली घाण हाताला लागली की ती तेलाच्या तोंडापर्यंत पोचते.

साधनं: त्या गाडीचं मॅन्युअल, सहा कोनी सॉकेट, रिंग पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोर आला की टक् वाजणारा पाना), फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), नरसाळं, मोजपात्र, दोन-तीन लिटरचं पसरट भांडं, धागे न सुटणारी फडकी, नायट्राइलचे हातमोजे. हातमोजे टाळू नका, वापरलेलं तेल वारंवार त्वचेला लागणं घातक आहे. गाडी सपाट जमिनीवर, शक्यतो मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर हवी. इंजिन बंद खोलीत सुरू करायचं नाही, धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

तेल काढणं:

इंजिन तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालवा आणि बंद करा. तेल पातळ होतं आणि तळाशी बसलेला कीस त्यात मिसळून बाहेर येतो. फार तापवलंत तर सायलेन्सरचा पाइप हात भाजतो, आणि तो ड्रेन बोल्टच्या अगदी शेजारून जातो. दोन मिनिटं थांबून वरचं झाकण उघडा म्हणजे हवा आत जाईल आणि तेल सलग पडेल.

ड्रेन बोल्ट सोडताना दिशा चुकते. आपण वरून वाकून खालच्या बोल्टकडे बघत असतो, त्यामुळे सोडतोय असं वाटत असताना आवळला जातो. बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघतोय अशी कल्पना करा, मग घड्याळाच्या उलट. पहिला झटका सॉकेटने द्यायचा, पुढचं बोटांनी. शेवटच्या दोन आट्यांत बोल्ट किंचित आत दाबून फिरवा आणि सुटल्याचं बोटाला कळलं की चटकन बाजूला घ्या. असं केलं तर तेल बोटांवरून ओघळत नाही आणि बोल्ट भांड्यात पडत नाही. बोल्टबरोबर स्प्रिंग आणि जाळी येत असेल तर ती कोणत्या क्रमाने आली त्याचा फोटो काढून ठेवा.

धार थेंबांवर आली की गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवा. दहा मिनिटं निथळू द्या.

फिल्टर: आत बसणारा कागदी फिल्टर असेल तर जुना काढतानाच त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते बघा. उलटा बसला तर तेलाचा मार्ग अडतो किंवा तेल न गाळताच फिरतं, आणि झाकण मात्र व्यवस्थित लागतं, त्यामुळे बाहेरून कळत नाही. झाकणाची ओ-रिंग नवी, तेलाचं बोट लावून. झाकणाचे एम६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात, आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. बाहेरून फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक आली तर इंजिन सुरू होताच तेल उडतं. नव्याच्या रबराला तेल लावा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढचा पाऊण वेढा किंवा फिल्टरवर छापलेला आकडा.

ड्रेन बोल्टला नवा वायसर, आधी हाताने पूर्ण आटे बसवून मग टॉर्क रेंच. एम१२ बोल्टला बहुतेक ठिकाणी २० ते ३० न्यूटन-मीटर दिसतं.

तेल ओतताना मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा १०० मिली कमी ओता. झाकण लावा, इंजिन सुरू करा, मूठ अजिबात पिळू नका. रिकामा फिल्टर भरेपर्यंत काही सेकंद दाब कमी असतो. ऑइल प्रेशरचा दिवा असेल तर तो काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. दोन मिनिटं चालवा, बंद करून तीन मिनिटं थांबा, गाडी उभी सरळ धरून पातळी बघा आणि उरलेलं थोडं थोडं घाला.

गिअरबदल
दोन शंका. मॅन्युअलमध्ये तेलाचे तीन आकडे आहेत, ०.९, १.० आणि १.२ लिटर. यातला कुठला? आणि पहिल्याच वेळी सिंथेटिक घातलं तर चालतं का?

तेलमाप
पहिला आकडा नुसतं तेल बदललं तर, दुसरा फिल्टरसकट बदललं तर, तिसरा इंजिन पूर्ण उघडून कोरडं झालं असेल तर. पहिल्या सर्व्हिसिंगला मधला. तिसरा आकडा वाचून १.२ ओतलं तर २०० मिली जास्त होतं. जास्तीचं तेल क्रँकच्या फिरण्याने घुसळून फेसाळतं, फेसाळलेलं तेल बेअरिंगमध्ये नीट थर धरत नाही, आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन कागद भिजवतं. जास्त झालं असेल तर "चालतंय" म्हणून सोडू नका, ड्रेन बोल्ट किंचित सैल करून काढा किंवा मोठ्या सिरिंजला नळी लावून वरून ओढून घ्या.

जुनं तेल मोजायची सवय लावा. बाहेर आलेलं तेल मोजपात्रात ओता. मॅन्युअलच्या आकड्याच्या आसपास, ५०-१०० मिली कमी, इतकं यायला हवं, कारण थोडं आत चिकटून राहतंच. बरंच कमी आलं तर गळती कुठे आहे ते शोधा, किंवा पुढचे काही शेकडा किलोमीटर दर आठवड्याला पातळी बघा. रिंगा बसेपर्यंत थोडं तेल जळू शकतं.

सिंथेटिकचं उत्तर: जाडी आणि दर्जा मॅन्युअलचा पाळा, मग मिनरल की सिंथेटिक हा दुय्यम प्रश्न. १०डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर २०डब्ल्यू-५० घालू नका. आणि डब्यावर जासो (मोटरसायकलच्या तेलाचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या इंधन वाचवणाऱ्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी त्या मानाने पळत नाही. एमबी हा दर्जा कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी आहे, तो घेऊ नका. पहिल्या तेलात घालायची कुठलीही वेगळी "ट्रीटमेंट" बाटली नको.

सैलनट
ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक आहे आणि त्यावर राखाडी लेप बसलाय. भांड्यातल्या तेलात उजेडात धरल्यावर चंदेरी चमक पण दिसते. काळजी करायची का?

साधनपेटी
लेप दोन बोटांत चोळून बघा. टूथपेस्टसारखा मऊ असेल, कण बोटाला टोचत नसतील, तर तो गिअर आणि रिंगांचा बारीक कीस आहे, पहिल्या तेलात तो यायलाच हवा. तेलातली चमक ही बहुधा ॲल्युमिनियमची धूळ असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही म्हणून ते तेलातच तरंगताना दिसतं. पहिल्या तेलात हेही नेहमीचं.

काळजीचं काय, तर नखाने उचलता येईल अशी कपची, सुईसारखा तुकडा, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत असलेला पत्रा, किंवा दाताच्या कोपऱ्यासारखा टवका. असं काही निघालं तर फोटो काढा, तो तुकडा डबीत ठेवा, तेल घालून इंजिन चालवू नका आणि वॉरंटीखाली दाखवा. जुना फिल्टरही टाकून देऊ नका. कागदाची घडी कापून पांढऱ्या कागदावर उलगडली की त्यात अडकलेलं सगळं दिसतं. आत काय झिजतंय याचा बोल्टच्या चुंबकापेक्षा खरा पुरावा तिथे असतो. केशरी-काळे रबरासारखे धागे दिसले तर ते सीलंट.

दुसऱ्या तेलबदलीला हाच लेप निम्म्याहून कमी दिसला पाहिजे. म्हणून आजचा फोटो जपा, तुलनेला तोच लागणार आहे.

आणि टॉर्कबद्दल थोडं, कारण वर आकडे आले आहेत. १० न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर. लांब हँडलने हा जोर सहज तिप्पट होतो आणि हाताला कळतही नाही. इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा, म्हणजे आटे जातात ते नेहमी कवचाचे. एकच मोठा टॉर्क रेंच सगळ्या कामांना पुरत नाही. त्याच्या पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाला तो भरवशाचा नसतो, आणि १० न्यूटन-मीटरला "टक्" आवाज इतका हलका येतो की हुकतो. एक ५ ते २५ चा आणि एक २० ते ११० चा, असे दोन ठेवा. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. मॅन्युअलचे आकडे बहुतेक कोरड्या आट्यांचे असतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.

निळ्या लॉकवर (आटे सैल होऊ न देणारं द्रव्य) बसवलेले बोल्ट (डिस्कचे, कॅलिपरचे, काही ठिकाणी स्प्रॉकेटचे) टॉर्क रेंचने "तपासताना" सोडू नका. सोडला तर जुनं लॉक खरवडून, नवं लावून परत बसवावा लागतो. त्यापेक्षा सगळे महत्त्वाचे नट पहिल्यांदा आकड्यावर तपासून झाले की डोक्यावरून कवचावर मार्करने एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तरच पाना लावा. रेघा इथे हव्यात: इंजिन माउंट, पुढचा-मागचा ॲक्सल, कॅलिपर, हँडलचे क्लँप, फुटरेस्ट, सायलेन्सरचे बोल्ट. सायलेन्सर पाइप सिलिंडर हेडला जिथे जोडला जातो तिथले दोन नट नव्या गाडीत हमखास थोडे सैल होतात, कारण आतलं गॅस्केट तापून दबतं. ते थंड इंजिनावर, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच पूर्ण आवळला तर पाइप तिरका बसतो आणि फुसफुस चालूच राहते.

जपानी बनावटीच्या गाड्यांवर चौफुली स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. त्याला जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की खाच खाऊन टाकतो.

चाकोरी
चेनवर मी लिहितो. नव्या गाडीत सगळ्यात जास्त बदल पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तिच्यातच होतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

ढील किती हवी ते स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा हात) चिकटवलेल्या पट्टीवर असतं. साध्या गाड्यांना २० ते ३० मिमी, काहींना २५ ते ३५, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना ३५ ते ४५ किंवा त्याहून जास्त. मोजायचं साइड स्टँडवर की मेन स्टँडवर हेही तिथेच किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि दोन्हींत फरक पडतो.

चेन सगळीकडे सारखी नसते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने हळू फिरवा आणि खालच्या भागाच्या मधोमध बोटाने वर-खाली करत राहा. कुठेतरी ती जास्त ताठ लागेल. तिथे खडूची खूण करा आणि मोजमाप त्याच जागी घ्या. सैल जागी मोजून आवळली तर ताठ जागी ती तारेसारखी होते. मोजताना स्टीलची पट्टी चेनमागे उभी धरा, एका पिनेचा मध्य खाली दाबून वाचा, वर ढकलून वाचा, दोन्हींतला फरक म्हणजे ढील.

घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. मागचं चाक वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल जेव्हा एका रेषेत येतात तेव्हा चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. स्टँडवर ढील नसेल तर खड्ड्यात ती लांबी येणार कुठून? मग ओढ गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येते. शंका असेल तर पल्ल्याच्या सैल टोकाकडे ठेवा.

ॲडजस्ट करताना ॲक्सलचा नट सैल करा, पूर्ण काढू नका. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटचा टॉर्क आर्मचा नटही आधी सैल करायचा. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर नट सारखेच फिरवा. एम८ च्या नेहमीच्या आट्यात एक पूर्ण वेढा म्हणजे १.२५ मिमी, नटाची एक बाजू म्हणजे साधारण ०.२ मिमी. त्यामुळे एका वेळी एक-दोन बाजू पुरतात. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. स्विंगआर्मच्या पिनेच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा, किंवा मागून स्प्रॉकेटकडे बघत चाक फिरवा. दाताची एकच बाजू चकाकत असेल तर चाक तिरकं आहे.

ॲक्सल आवळताना चेन परत घट्ट होते, हे लक्षात घ्या. ते टाळायला खालच्या बाजूने चेन मागच्या स्प्रॉकेटवर जिथे चढते तिथे फडक्याची जाड घडी ठेवून चाक हाताने पुढे फिरवा. घडी दातांत अडकते, चेन ताणली जाते आणि ॲक्सल पुढे येऊन ॲडजस्टरला टेकतो. त्याच स्थितीत नट टॉर्कवर आवळा. बोटं घडीपासून लांब. मग घडी काढून खडूच्या खुणेवर परत मोजा. स्प्लिट पिन असेल तर नवी. ड्रम ब्रेकवाल्यांनी पेडल लगेच तपासावं. चाक मागे सरकलं की रॉड ताणला जातो, फ्री प्ले (पेडलची मोकळी हालचाल) कमी होतो आणि ब्रेक घासत राहून ड्रम तापतो. टॉर्क आर्मचा नट परत आवळायचा राहिला तर ब्रेक दाबताच प्लेट फिरू शकते, म्हणून त्याची पिन हाताने ओढून बघा.

साफ करायला रॉकेल किंवा चेनच्या ओ-रिंगला (कड्यांमधल्या रबरी रिंगा) चालणारा क्लीनर आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, ते ओ-रिंग खराब करतं आणि भडकतं. तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणी दोन्ही ओ-रिंगच्या आत घाण ढकलतात. पुसून कोरडी केल्यावर वंगण आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला लागणाऱ्या बाजूने, चाक हाताने फिरवत. अर्ध्या तासाने बाहेरचं जास्तीचं पुसून टाका. इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन फिरवत साफ करायचं नाही, कधीच नाही. फडकं एकदा ओढलं गेलं की बोट सोडवायला वेळ मिळत नाही.

निवांत_स्वार
चेनला क्लिपची लिंक आहे. तिची दिशा?

चाकोरी
क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. वरच्या भागात बघितलं तर बंद तोंड पुढे, उघडी फट मागे.

फटमाप
टॅपेटचं मी सांगतो. सगळ्या गाड्यांना पहिल्या सर्व्हिसिंगला ते लागत नाही. शिमवाल्या इंजिनांत (जिथे फट पातळ चकत्यांनी ठरते) तपासणी बरीच पुढे असते आणि हायड्रॉलिक टॅपेट असेल तर काहीच करायचं नसतं. पण स्क्रू आणि लॉक नटवाल्या सिंगल सिलिंडर गाड्यांत बऱ्याच मॅन्युअलमध्ये ते पहिल्याच वेळी आहे, आणि ते गाळू नका. नवे व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये बसतात तसे किंचित वर सरकतात आणि फट कमी होते. सैल टॅपेट कटकट करून सांगतो. घट्ट टॅपेट गप्प असतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि जी उष्णता सीटमधून हेडमध्ये जायची ती व्हॉल्व्हमध्येच राहून त्याची कड जळते. इंजिन "छान शांत चालतंय" म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे रात्रभर उभं. गिअर न्यूट्रल, स्पार्क प्लग काढला तर क्रँक हलका फिरतो. इंजिनावरच्या छोट्या खिडकीचं झाकण उघडून क्रँक मॅन्युअलच्या दिशेने फिरवा आणि टी खूण खाचेसमोर आणा. शेजारची एफ खूण ही ठिणगीची, तिच्यावर थांबायचं नाही. आता दोन्ही रॉकर हाताने हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. एखादा ताठ असेल तर एक पूर्ण वेढा अजून फिरवा.

समजा फट ०.१० मिमी सांगितली आहे. मग ०.०८ चं पातं सहज सरकलं पाहिजे, ०.१० चं हलकं अडत सरकलं पाहिजे, ०.१३ चं जाऊच नये. एका पात्यावर निर्णय घेण्यापेक्षा ही तीन पात्यांची पद्धत खात्रीची. "हलकं अडत" म्हणजे तेल लागलेल्या पुस्तकाच्या पानांमधून कार्ड ओढल्यासारखं. एक्झॉस्टची फट बहुतेक इनलेटपेक्षा जास्त असते कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापून जास्त लांबतो, म्हणून दोन आकडे उलटे वाचू नका. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि फट बदलते, तेव्हा स्क्रू धरूनच नट आवळा आणि नंतर परत मोजा. शेवटी क्रँक दोन पूर्ण वेढे फिरवून पुन्हा टी वर आणा आणि तिसऱ्यांदा मोजा. झाकणाची ओ-रिंग खाचेत नीट बसल्याशिवाय बोल्ट लावू नका.

निवांत_स्वार
तेल बदलून दोन दिवस झाले. ड्रेन बोल्टखाली रोज एखादा थेंब जमतोय. अजून थोडा आवळू का?

साधनपेटी
नको. आधी ब्रेक क्लीनरने तो भाग पुसून कोरडा करा आणि थेंब कुठून येतो ते बघा. फिल्टरच्या झाकणातून ओघळलेलं तेलही सगळ्यात खालच्या टोकाला, म्हणजे ड्रेन बोल्टवरच, जमतं.

बोल्टच असेल तर कारणं ठरलेली. जुना वायसर परत वापरला. किंवा जुना कवचाला चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला. तो कवचाच्याच रंगाचा असल्याने दिसत नाही, नखाने कड लागते का बघा. किंवा बसायच्या जागेवर रेतीचा कण राहिला. वायसर मऊ ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो, तो एकदाच दबून फट भरतो. दबलेल्या वायसरवर जास्त जोर लावला की वायसर काही अजून दबत नाही, आटे मात्र ताणले जातात. तेल काढून, स्वच्छ भांड्यात धरून, नवा वायसर लावा. तेल दोन दिवसांचंच आहे, घाण लागली नसेल तर तेच परत ओतता येतं.

आवळताना टॉर्क वाढतच नाही, बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा फिरतो, तर आटे गेले. त्यावर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून गाडी चालवू नका, बोल्ट निसटला तर तेल थेट मागच्या टायरवर जातं. नवे आटे बसवणारी पोलादी स्प्रिंग किंवा स्लीव्ह टाकून ते दुरुस्त होतं. ड्रिलचा कीस आत जाऊ नये म्हणून ड्रिलला ग्रीस लावतात आणि नंतर थोडं तेल ओतून धुऊन काढतात. हे काम सराव असलेल्या माणसाकडून करून घ्या.

सैलनट
क्लच, थ्रॉटल, ब्रेक यांचं कुणी लिहिलं नाही.

तेलमाप
क्लच लिव्हरच्या टोकाला बहुतेक केबलवाल्या गाड्यांत १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. नवी केबल बसते तशी ही वाढते आणि गिअर, विशेषतः न्यूट्रल, अडायला लागतो. अजिबात मोकळीक ठेवली नाही तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. थ्रॉटलच्या मुठीला २ ते ६ मिमी. इंजिन आयडलवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आवाज चढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय, तशी गाडी चालवू नका.

ब्रेक ऑइल पहिल्या वेळी बदलायचं नसतं, फक्त पातळी. मास्टर सिलिंडरवर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलं असेल तेच. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. थेंब रंगावर पडला तर लगेच पाण्याने धुवा. कूलंट गार असताना बाजूच्या टाकीतल्या दोन रेघांच्या मध्ये. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

स्पोकचं चाक असेल तर प्रत्येक स्पोकवर छोट्या पान्याने टिचकी मारत जा. सगळे जवळपास एका स्वरात वाजतात, सैल असलेला बद्द वाजतो. त्याला पाव वेढा, त्याहून जास्त एका वेळी नाही. तीन-चार शेजारी शेजारी सैल असतील तर चाक ट्रूइंगला (सरळ करून घ्यायला) द्या. हँडलच्या बेअरिंगसाठी पुढचं चाक अधांतरी करून फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. टक् लागलं तर सैल. बॅटरीच्या टर्मिनलचे स्क्रू बघताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना चॅसीला लागला की ठिणगी उडते. एअर फिल्टर फक्त उघडून बघा. तेलकट कागदाचा असेल तर त्यावर हवा मारू नका आणि धुऊ नका.

गिअरबदल
सगळं झालं. सर्व्हिसची आठवण देणारं पान्याचं चिन्ह अजून मीटरवर दिसतंय. आणि जुन्या तेलाचं काय करायचं?

तेलमाप
ते पान्याचं चिन्ह घालवायची बटणं मॅन्युअलमध्ये आहेत, बहुतेक वेळा किल्ली चालू करताना एखादं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं असतं. ते इंजिन बघून लागत नाही, किलोमीटर मोजून लागतं.

जुनं तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरा, वर "जुनं" असं ठळक लिहा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. गटारात, मातीत किंवा चेनवर नाही. त्यातला कीस चेनला खरवडतो. त्यात रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मग ते पुन्हा शुद्ध करायला घेत नाहीत. फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा, त्यातूनही बरंच तेल निघतं.

पहिल्या ५० किमीनंतर गाडी थंड करून परत एकदा खाली वाकून बघा: ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचं झाकण कोरडं आहे का, ॲक्सलवरची रेघ जुळते आहे का, चेनची ढील खडूच्या खुणेवर तेवढीच आहे का. तेलाची पातळीही बघा.